तीन म्हटल्यावर दाबायचं

हे लिहायचं जवळजवळ राहिलंच होतं. लिहायला बसलं की वाटायचं, एका शर्टावरून काय गोष्ट होणार? कोणी मेलं नाही, कोणी कोणाला मारलं नाही. एक पोरगा एका रंगाचा शर्ट घालून शाळेत आला आणि दुसरा दुसऱ्या रंगाचा, एवढंच. पण एमेट व्रोबेलच्या डोक्यात तो दिवस अजून संपलेला नाही, आणि न संपलेला दिवस कुठेतरी उतरवून ठेवला नाही तर माणूस त्याच दिवसात मुक्कामाला राहतो. म्हणून.

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला मिलवॉकीत शाळेच्या शेवटच्या वर्षाची पोरं आपापल्या कॉलेजचा शर्ट घालून येतात. नियम नाही, कोणी सांगत नाही, पण येतात. कुठे जायचं ते नक्की करायची शेवटची तारीखही तीच. जी पोरं कुठेच जाणार नसतात ती बरोबर त्या दिवशी आजारी पडतात. एमेटचा शर्ट हिरवा होता, टॅल्मन कॉलेजचा. नवाकोरा, घडीच्या रेघा अजून छातीवर, आणि मानेला शिवण टोचत होती. टॅल्मन एवढं लहान, की अख्खं कॉलेज एमेटच्या शाळेत मावलं असतं आणि वर जेवणाच्या हॉलमध्ये जागा उरली असती. सकाळी बाबांनी शर्टाकडे पाहून नेहमीचाच विनोद केला होता, ‘टॅल्मन? हे काय, पोटदुखीवरचं औषध?’ एमेट हसला होता, कारण त्याला माहीत होतं की शाळेत अजून एक हिरवा शर्ट आहे. सगळ्या शाळेत दोनच. दोघं एका रंगात असले की तो रंग चुकीचा वाटत नाही.

शाळेच्या लांब व्हरांड्यात, कपाटांच्या रांगेच्या टोकाला, ऑगी पाठमोरा उभा होता. एमेटने आधी त्याची मान ओळखली. ऑगी सँडोव्हालची मान तो दुसरीपासून बघत आलाय, वर्गात सँडोव्हाल पुढे आणि व्रोबेल मागे, म्हणजे त्या मानेवरचा तीळ त्याला स्वतःच्या हातापेक्षा जास्त ओळखीचा. मग मानेखालचा लाल रंग दिसला. राज्याच्या राजधानीतल्या मोठ्या विद्यापीठाचा लाल. चाळीस हजार मुलांचं ते विद्यापीठ, शेवटच्या वर्षाची निम्मी पोरं त्या दिवशी त्याच लालमध्ये होती, आणि एमेटच्या डोक्याने पहिला हिशोब असा केला की हे कोणीतरी दुसरंच पोरगं आहे, ऑगीची मान असलेलं. दुसरा हिशोब असा, की ही ऑगीची थट्टा आहे. आता तो वळेल, लाल शर्ट वर ओढेल आणि आत हिरवा असेल. असले प्रकार ऑगीच करू शकतो. एमेट आधीच हसायला लागला. हसू तोंडावर घेऊन तो अख्खा व्हरांडा चालत गेला.

“भारी,” तो म्हणाला. “काढ आता.”

ऑगी वळला. “काय काढू?”

“वरचा. आत हिरवा आहे ना?”

ऑगीने शर्टाच्या खालच्या कडेला हात लावला, जणू खरंच बघतोय आत काय आहे ते. मग हात खाली सोडला. “एम, आपण नंतर बोलू.”

“नंतर काय? अरे, काढ ना.”

जोलीन शेजारीच कपाट लावत होती. इतिहासाच्या वर्गात या दोघांच्या मागे बसायची. ती मान न वळवता म्हणाली, “व्रोबेल, कमाल आहे हं तुझी. मित्राला येऊ नको म्हणायचं, आणि वर शर्ट काढायला लावायचं.”

“कोण कोणाला येऊ नको म्हटलं?”

“जोलीन, गप,” ऑगी म्हणाला, आणि घंटा झाली, आणि तो लाल शर्ट इतर लाल शर्टांत असा मिसळला की दहा पावलांवर एमेटला तो वेगळा काढता येईना. तोंडावरचं हसू मात्र तसंच राहिलं होतं. त्याचं काय करायचं ते एमेटला कळत नव्हतं. ते घेऊनच तो गणिताच्या वर्गात जाऊन बसला.

गणिताचा तास कुठे गेला कोणास ठाऊक. एमेट ऑगीच्या घरच्या स्वयंपाकघरात होता, मार्चमधल्या त्या रविवारी. टेबलावर दोन लॅपटॉप, शाळेने दिलेले, पाठीला पाठ लावून ठेवलेले. दोघांनाही दोन्हीकडून प्रवेश आलेला. कल्पना ऑगीचीच. टॅल्मनला हो म्हणायचं आणि त्याच बैठकीत मोठ्या विद्यापीठाला नाही कळवायचं. एमेट म्हणाला होता, “अरे, नाही कळवायची घाई कशाला? मेपर्यंत वेळ आहे.” त्यावर ऑगी म्हणाला, “एक दार उघडं ठेवलं की घरात वारा येत राहतो. दोन्ही एकदम. तीन म्हटल्यावर दाबायचं.” ऑगीची आई ओट्यापाशी तीन दुधांत भिजवलेला केक कापत होती. ती सुरी हातात धरून थांबली. ऑगीने एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि तीन म्हणताना एमेटच्या डोळ्यांत बघितलं. एमेटने दाबलं. आधी हो, मग नाही. “दाबलं?” त्याने विचारलं. “दाबलं,” ऑगी म्हणाला आणि लॅपटॉप मिटला. काकूंनी छातीवर क्रॉस काढला आणि दोघांची डोकी एकाच मिठीत घेतली. एमेटच्या कानाला ऑगीचा कान लागला होता, गरम. आता गणिताच्या वर्गात बसून तो त्या कानाच्या उबेचा तपास करत होता. ती ऊब लाजेची होती का? तेव्हा कळायला हवं होतं का? लॅपटॉप पाठीला पाठ लावून ठेवायचं कोणाला सुचलं होतं? ऑगीलाच. म्हणजे टेबलाशी बसतानाच ठरलं होतं. म्हणजे केक खाल्ला तेव्हा, दोघांना एकच खोली मागायची असं बोलले तेव्हा, दोघांच्या मिळून एका गालिच्याचा रंग ठरवला तेव्हा, सगळं एकटा एमेटच ठरवत होता आणि समोर कोणीतरी मान डोलावत बसलं होतं.

आणि गंमत अशी, की एमेटला टॅल्मन आधी नकोच होतं. हे तो आता कोणाला सांगणार? त्याला मोठं विद्यापीठ हवं होतं. फेब्रुवारीत बाबा त्याला बघायला घेऊन गेले होते. बाबा शहराच्या बस दुरुस्त करतात, स्वतः कधी कॉलेजात गेले नाहीत, पण त्या विद्यापीठाची एकही मॅच त्यांनी गुत्त्यात बसून चुकवलेली नाही. बर्फातून चालत ते स्टेडियमच्या फाटकापाशी गेले आणि टोपी काढून उभे राहिले, चर्चमध्ये राहतात तसे. नंतर दोघं एका व्याख्यानाच्या हॉलमध्ये मागच्या दाराने जाऊन बसले. सहाशे तरी खुर्च्या असतील. खाली कुठेतरी एक माणूस बोलत होता, त्याचं तोंड पडद्यावर मोठं दिसत होतं. एमेटच्या पुढचा एकजण झोपला होता, पलीकडे एक मुलगी नखं रंगवत होती. आणि एमेटला इतकं बरं वाटलं. थंडीत कोटाच्या खिशात हात घातल्यावर वाटतं तसं. इथे चार वर्षं बसलं तरी कोणी विचारणार नाही तू कोण, तुला काय वाटतं, तू का बोलत नाहीस. बाबा कानात म्हणाले, “बघ, इथे कोणी तुझ्या अंगावर येणार नाही.” बाबांनाही तेच आवडलं होतं. व्रोबेल घराण्यात कोणालाच अंगावर आलेलं आवडत नाही. तरी मार्चमध्ये एमेटने नाही दाबलं, कारण ऑगी म्हणाला होता. एवढ्या मोठ्या गोष्टीत एवढंच कारण. आता ते कारण लाल शर्ट घालून फिरत होतं.

दुपारी मिस हॅवरकँपनी बोलावलं. शाळेत कोणी कुठे जावं हे बघायचं काम त्यांचं. त्यांच्या खोलीत कॉलेजांची त्रिकोणी निशाणं भिंतभर लावलेली, आणि टॅल्मनचं निशाण छोटं, दिव्याच्या बटणाशेजारी.

“मला वाटलं तुला माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

“सगळ्यांना हेच वाटलेलं दिसतंय.”

“ऑगस्टीनने एप्रिलमध्येच मला सांगितलं. तुमचं आपसात बोलणं झालंय म्हणाला.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “ऐक. टॅल्मनचं मनापासून नसेल, तर पाचच्या आत विद्यापीठाला फोन कर. मी आत्ताच त्यांच्याशी बोललेय. तुझा नकार ते मागे घेऊ देतील. मोठ्या जागेचा हाच फायदा. एक पोरगा आत घेतला काय, बाहेर ठेवला काय, त्यांना कळतही नाही.”

त्या धीर द्यायलाच बोलत होत्या. एमेटने मान हलवली. नंबर त्यांनी त्याच्या फोनवर पाठवला. फोन खिशात टाकल्यावर तो नंबर मांडीला लागून चालतोय असं त्याला वाटत राहिलं.

तो बसने गेला नाही. तलावावरून बोचरं वारं येत होतं, मे महिन्यातही मिलवॉकीत येतं तसं, आणि हिरव्या शर्टावर जाकीट घालायची त्याला आठवण राहिली नव्हती. रस्त्यात बाबांना फोन लावला.

“पाचच्या आत ना? मग कर की,” बाबा म्हणाले. मागे बसच्या इंजिनाचा आवाज. “कशाची वाट बघतोयस?”

“बाबा, तुम्हाला ऑगीचं माहीत होतं?”

इंजिन बंद झालं. “त्याची आई दोन आठवडे माझ्याशी बोलत नाहीये. मला वाटलं तुमचं भांडण झालंय. तुमच्या भांडणात मी कशाला पडू?”

“भांडण नव्हतं झालं.”

“बरं, नव्हतं. तू फोन कर, एम. लाल शर्ट मी घेऊन येतो येताना.”

म्हणजे काहीतरी बिनसलंय हे बाबांनाही माहीत होतं. बाबांनी सकाळी औषधाचा विनोद केला तेव्हाही. एमेट चालता चालता थांबला. त्याला एकदम असं वाटलं की गेले कित्येक दिवस आपण एका काचेच्या पेटीत बसून फिरतोय. सगळे बाहेरून बघतायत, कोणी काच वाजवत नाही. राग यायला हवा होता, पण रागाला उभं राहायला जागा लागते, आणि त्याच्या आत सगळीकडे तो रविवारचा केक पसरलेला होता. ऑगी मोठ्या विद्यापीठात जाणार याचं त्याला एवढं काही वाटत नव्हतं, खरंच. जायचं तर जा. पण तीन म्हणताना डोळ्यांत बघायची काय गरज होती?

पाय आपोआप काकूंच्या बेकरीकडे वळले. शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिथे जायचं, हे इतक्या वर्षांचं, की पायांना आजची बातमी पोचलेली नव्हती. गेले दोन शुक्रवार मात्र ऑगीने काही ना काही कारण काढून टाळले होते. दार उघडताच दालचिनीचा वास अंगावर आला. नेहमी काकू गल्ल्यामागून ओरडायच्या, ‘आलास का रे सुकड्या, घे, गरम आहेत.’ आज त्या म्हणाल्या, “या.”

एमेटने ट्रे उचलला, चिमटा उचलला. शंखासारखी नक्षी असलेल्या गोड पावांपुढे उभा राहिला.

“काकू...”

“घ्या हवं ते. गिऱ्हाइकाला मी नाही म्हणत नाही.”

“काकू, काय झालंय?”

त्यांनी हात ॲप्रनला पुसले. बेकरीत कोणी नव्हतं. “मला राग नाही, बाळा. तुला टॅल्मनला एकट्याला जायचं होतं, जा. ज्याचं त्याचं आयुष्य आहे. पण माझ्या पोराला तू जे बोललास ना... जेवला नाही तो दोन दिवस. ‘तू असलास की मला कोणी बघत नाही, म्हणून तू येऊ नकोस.’ असं कोणी भावाला म्हणतं? मी तुझं डोकं त्याच्या डोक्याबरोबर धुतलंय लहानपणी. आणि हा वेडा तुझ्यासाठी आपली जागा सोडून मोकळा झाला. मी सगळ्या चर्चला सांगून बसले होते, माझा पोरगा टॅल्मनला जाणार, तिथे टेबलाभोवती बसून शिकवतात म्हणून.”

एमेटच्या हातातला चिमटा तसाच उघडा राहिला. तोंडात वाक्य तयार होतं: काकू, मी असं म्हटलं नाही. साधं वाक्य. पण काकूंचे डोळे भरले होते, आणि त्याला दिसलं की या बाईने हे सगळं गिळून, जागेवर नीट लावून ठेवलंय. यात एमेट वाईट होता आणि ऑगी चांगला होता आणि तिला तेवढ्याने झोप लागत होती. ते वाक्य काढलं तर काहीतरी दुसरंच कोसळणार. शिवाय ते शब्द. तू असलास की मला कोणी बघत नाही. असे शब्द ऑगीने हवेतून आणलेले नव्हते. खोटं बोलणारा माणूस एवढं बारीक खोटं बोलत नाही. ते कुठूनतरी खरे उचललेले होते.

“तो मागे आहे,” काकू म्हणाल्या. “पिठाची पोती उतरवतोय. बोलायचं असेल तर जा. नसेल तर नको.”

मागच्या गल्लीत भट्टीचा पंखा गरम गोड हवा बाहेर फेकत होता. ऑगी पोत्यावर बसला होता, लाल शर्टावर पिठाचे हात उमटलेले. एमेटला पाहून उठला, मग परत बसला.

“तिने सांगितलं?” ऑगीने विचारलं.

“सांगितलं. छान बोललो रे मी. मला माहीतच नव्हतं मी एवढं छान बोलतो.”

“एम, मी...”

“नाही, थांब. मला एवढंच सांग, मी कधी म्हटलं ते?”

ऑगीने पोत्याच्या शिवणीतला दोरा ओढायला सुरुवात केली. “तू नाही म्हटलंस. मी म्हणायला हवं होतं. मला जमलं नाही, म्हणून तुझ्या तोंडी घातलं.”

एमेटला आधी कळलंच नाही. मग ऑगी बोलत गेला, एकसारखा, दोऱ्याकडे बघत. “ऑक्टोबर आठव. ती सर्दी झालेली बाई. तो फोटो.” आणि एमेट एकदम त्या टेबलाशी होता. टॅल्मन बघायला गेले होते दोघं, कापून झालेल्या मक्याच्या शेतांमधून. इतिहासाच्या वर्गात दहा-बारा खुर्च्या, एकच टेबल, बाहीत रुमाल खोचलेली एक शिकवणारी बाई. तिने एका जुन्या कारखान्याचा फोटो फिरवला, फळं डब्यात भरणाऱ्या बायका रांगेने बसलेल्या, आणि विचारलं, यातली कोण दमलेली नाही? ऑगी लगेच बोलला, छान बोलला, मजुरी, संप, सगळं. तिने मान हलवली. तो परत बोलला, तिने परत मान हलवली. मग ती एमेटकडे वळली. “माहीत नाही,” एमेट म्हणाला. “माहीत नाही तर ठीक आहे,” ती म्हणाली, “बघ.” आणि ती थांबली. गरम पाण्याचा पाइप भिंतीत ठकठक करत होता, सगळे थांबले होते, एमेटच्या काखेतून घाम उतरत होता, आणि ती थांबलीच. एवढं कोणी त्याच्यासाठी जन्मात थांबलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, “ती कडेची. तिने हात टेबलाला टेकवलेले नाहीत.” “बरं,” बाई म्हणाली, “मग तिथून सुरू करू.” आणि उरलेला तास सगळे त्या हातांवर बोलले. एमेटला तो तास आठवला की अजून छातीत धडधडायचं, आणि त्याला इतके दिवस वाटत होतं की ती भीती आहे.

“ती तुझ्यासाठी थांबली,” ऑगी म्हणाला. “माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मला कळतं रे ती मान हलवणं. दुसरीपासून आपल्या दोघांत हुशार कोण? मी. बोलतो कोण? मी. आणि तिथे, एका तासात... चार वर्षं त्याच टेबलाशी, त्याच दहा जणांत. मला वाटलं होईल सवय. मार्चमध्ये तीन म्हणेपर्यंत मला वाटत होतं मी दाबीन. बोट ठेवलं होतं मी, शपथ. तू दाबलंस आणि तुझं तोंड बघितलं, आणि माझं बोट हललंच नाही.”

“मग तेव्हा का नाही बोललास?”

“आई केक घेऊन उभी होती!” तो जवळजवळ ओरडला, मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. “तिला काय सांगू? तुझा पोरगा घाबरला? तिकडे सहाशेजण एका हॉलमध्ये बसतात. तिथे कोणी कोणाला बघत नाही. तिथे मी परत हुशार होईन.”

म्हणजे एवढं सगळं. एमेट पंख्याच्या गरम हवेत उभा होता आणि त्याला वाईट याचं वाटत होतं की ऑगी खरं बोलत होता, दुसरीपासून आजवर इतकं खरं कधीच बोलला नव्हता, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता. ज्या कोटाच्या खिशात एमेट हात घालायला निघाला होता त्यात ऑगीचा हात आधीच होता. त्याने फोन काढला. पाच वाजायला आले होते. नंबर समोर होता, हिरव्या गोल बटणासकट. दाबलं की लाल शर्ट, बाबा, स्टेडियम, शेवटची रांग, कोणी अंगावर येणार नाही. आणि कुठल्यातरी हॉलमध्ये पुढच्या रांगेत तीच मान. एमेटने त्या मानेकडे बघितलं. ऑगीने ती खाली घातली होती. टॅल्मन आपल्याला ऑगीने दिलं असं त्याला सकाळपर्यंत वाटत होतं. दिलं नव्हतं. ती बाई थांबली होती तेव्हा ऑगी त्या खोलीत असूनही नव्हता. ती शांतता एकट्या एमेटची होती, आणि ऑगीला ते त्याच्याआधी कळलं होतं.

त्याने फोन खिशात टाकला. मोठ्या रस्त्यावर कामावरून सुटलेल्या गाड्यांची गर्दी झाली, आणि बाबांचा फोन वाजून वाजून थांबला.

“पाच वाजून गेले,” ऑगी म्हणाला. त्यालाही माहीत होतं तर. हॅवरकँपबाईंनी त्यालाही सांगितलं असणार. “तू फोन नाही केलास.”

“नाही.”

“माझ्यामुळे?”

“तुझं नाव प्रत्येक गोष्टीत घालायची खोड सोड आता.”

ऑगी हसायला गेला आणि त्याला जमलं नाही. आतून काकूंनी त्याला हाक मारली, पावांचे ट्रे घ्यायला. तो उठला, पीठ झटकलं, दोन पावलं गेला आणि परत आला. “आईला सांगणार आहेस? खरं काय ते? सांग, तुझा हक्क आहे. फक्त मला आधी कळव. मी तेवढा वेळ घरात नसेन.”

एमेटला सांगायचं होतं. आत्ता, या दारातून जाऊन, पावांच्या ट्रेसमोर उभं राहून.

“नाही सांगणार,” तो म्हणाला. “तिला तू जे सांगितलंयस ते मी खरं करून देतो. टॅल्मनला मी एकट्याने जायचं, आणि तू तिथे यायचं नाही. सुट्टीत नाही, मामाचा ट्रक घेऊन एखाद्या रविवारी नाही, मला बरं नाही असं कळलं तरी नाही. मी येऊ नको म्हटलंय म्हणून. कालपर्यंत नव्हतं म्हटलं, आज म्हणतोय. म्हणजे तू आईशी खोटं बोलला नाहीस. हा माझा शब्द, ऑगी, आणि मी शब्द दिला की दाबतो.”